पितृपंधरवड्यातली दिवाळी

२०२५मध्ये ८ सप्टेंबरला पितृपक्ष लागला. जबलपुरात नर्मदेच्या ग्वारीघाटावर सकाळी तर्पणासाठी माणसांची रीघ लागत होती आणि त्याच दिवसांत शहरातल्या मोठ्या किराणा दुकानांच्या दर्शनी भागात दिवाळीच्या भेटींची खोकी रचली जात होती. सोनेरी वेष्टनातली चॉकलेटे, सोनपापडीचे डबे, सुक्या मेव्याच्या पेट्या, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा, विजेवर लुकलुकणाऱ्या पणत्या. घट बसायचे होते, दसरा व्हायचा होता, पाऊस पुरता ओसरला नव्हता आणि लक्ष्मीपूजनाला तब्बल सहा आठवडे अवकाश होता. दुकानात मात्र दिवाळी लागली होती.

दिवाळीचा माल चार आठवडे आधी आला म्हणून कोणाचे काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. धर्म बुडाला, परंपरा मोडली अशी हाकाटी मला करायची नाही. व्यापाऱ्याने व्यापार करावा हेच त्याचे काम. माझी चिंता अधिक व्यावहारिक आहे. सणाचा बाजार जितका लवकर भरतो, तितका तो टिकाऊ मालाच्या बाजूने झुकतो. जे सहा आठवडे फळीवर बसू शकते तेच आधी येते. जे ताजे करावे लागते, ज्याला ऊन, दूध, फूल आणि माणसाचा हात लागतो, ते आपल्या वेळेलाच येते आणि तोवर गिऱ्हाइकाच्या खिशातले पैसे खर्च झालेले असतात. दिवाळी कोणत्या तारखेला सुरू होते, या प्रश्नात दिवाळी कोणाच्या हातची, हा प्रश्न दडलेला आहे.

हे दुखणे केवळ आपले नाही. अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला हॅलोविन साजरा होतो. मुले भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागतात. त्या सणाचे सांगाडे, भोपळे आणि गोळ्यांच्या थैल्या आता ऐन उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्येच दुकानांत दिसू लागतात आणि दर वर्षी तिथले लोक त्याबद्दल कुरकुरतात. हॅलोविनचे मूळही मृतांच्या स्मरणात आहे. तो ख्रिस्ती परंपरेतल्या सर्व संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ आहे आणि त्यानंतर २ नोव्हेंबरला मृतात्म्यांचा दिवस येतो. त्या दिवशी आपल्या गोव्यातही कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. अमेरिकेत मृतांच्या या सणाने एक मोठा बाजार उघडून दिला. आपल्याकडे याच्या उलट, मृतांचा पंधरवडा हा बाजार थोपवून धरणारा होता.

बाजाराने सणाचे कुंपण ओलांडू नये, हा संकेत एके काळी अमेरिकेतही होता. नोव्हेंबरमधला ‘थँक्सगिव्हिंग’चा गुरुवार उलटल्याशिवाय नाताळच्या विक्रीचा गाजावाजा करायचा नाही, असे तिथले दुकानदार मानत. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले आणि तो सण ३० तारखेला पडणार होता. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून व्यापाऱ्यांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे, २३ नोव्हेंबरला ओढला. देशात दोन तट पडले. अनेक राज्यांनी जुनीच तारीख पाळली, टिंगलही भरपूर झाली. अखेर १९४१मध्ये काँग्रेसने कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायम केला. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. तेव्हाच्या व्यापाऱ्यांना कुंपण अडचणीचे वाटत होते, पण ते आहे हे त्यांना मान्य होते. म्हणून त्यांनी ते हलवून मागितले. आज कोणी कुंपण हलवून मागत नाही, कारण ते कोणाला दिसेनासेच झाले आहे.

आपले कुंपण म्हणजे भाद्रपदाचा कृष्ण पक्ष. या पंधरा दिवसांत नवे कपडे, दागिने, वाहन, घर काही घ्यायचे नाही, ही लोकरूढी महाराष्ट्राइतकीच महाकोशलातही पक्की आहे. तिला शास्त्राचा आधार किती, यावर पंडितांत एकमत नाही. अलीकडे तर पितृपक्षातही खरेदीचे शुभ योग असतात, असे सांगणारे ज्योतिषी पुष्कळ निघाले आहेत. पण शास्त्र बाजूला ठेवले तरी या रूढीचा एक लौकिक उपयोग होता. गणपती आणि नवरात्र यांच्यामध्ये बाजाराला श्वास घ्यायला मिळे. दुकानदार वह्या मिळवत, रंगरंगोटी काढत, मालाच्या खरेदीला बाहेरगावी जात. नोकरमाणसे गावी जाऊन येत. मिठाईवाले भट्ट्या दुरुस्त करून घेत. या पंधरवड्यात गिऱ्हाईक नाही, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणाचेच नुकसान होत नसे. थांबायचे तर सगळ्यांनी मिळूनच थांबावे लागते. एकाने दुकान उघडे ठेवले की शेजाऱ्याला ते बंद ठेवणे परवडत नाही.

हे शेजारधर्माचे गणित मोडले ते शहराबाहेरच्या दुकानाने. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ केला. त्या वर्षी दसरा ३ ऑक्टोबरला होऊन गेला होता आणि दिवाळी २३ तारखेला होती, म्हणजे विक्री अगदी परंपरेच्या वेळेत होती. गर्दी इतकी उसळली की संकेतस्थळ कोलमडले आणि संस्थापकांना ग्राहकांची माफी मागावी लागली. पुढे एका दिवसाचे अनेक दिवस झाले, अ‍ॅमेझॉनचा ‘ग्रेट इंडियन फेस्टिव्हल’ शर्यतीत उतरला आणि तारखा मागे सरकू लागल्या. २०२३मध्ये दोन्ही कंपन्यांची विक्री ८ ऑक्टोबरला सुरू झाली, तेव्हा सर्वपित्री अमावास्या सहा दिवसांवर होती आणि दिवाळी पाच आठवड्यांवर. २०२४मध्ये ती २७ सप्टेंबरला सुरू झाली, तेव्हाही पितृपक्षाचे पाच-सहा दिवस शिल्लक होते. सणाची सर्वांत मोठी विक्री, जेव्हा काही घ्यायचे नाही असे आपण मानत आलो त्याच दिवसांत, सलग दोन वर्षे पार पडली. आणि घरोघरी खोकी पोहोचलीही.

२०२५मध्ये मात्र एक मौज झाली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वस्तू व सेवा कराच्या सुधारणेची दिवाळी-भेट जाहीर केली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि नवे दर लागू करण्यासाठी निवडला तो २२ सप्टेंबर, म्हणजे घटस्थापनेचा दिवस. मोठा दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यंत्र २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर येणार म्हटल्यावर २१ तारखेपर्यंत ते कोण घेणार? गिऱ्हाईक थबकले. ऑनलाइन विक्रीचे नगारेही २३ सप्टेंबरलाच वाजले. दोन वर्षे पितरांना जे थोपवता आले नव्हते, ते यंदा कराच्या दराने थोपवले. याचा अर्थ असा की समाज थांबू शकतो. थांबण्यात फायदा आहे आणि इतरही थांबलेले आहेत, एवढे त्याला दिसले पाहिजे.

जबलपूरसारख्या शहराला आणखी एक कुंपण होते, ते पगाराचे. हे कारखान्यांचे आणि रेल्वेचे गाव. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ सालची. पुढे खमरियाचा दारूगोळा कारखाना, वाहन कारखाना, ग्रे आयर्न फाउंड्री उभी राहिली. २००३पासून पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय इथे आहे. अशा गावात दिवाळीचा बाजार पंचांगाइतकाच बोनसवर चाले. बोनस दसऱ्याच्या तोंडावर हाती पडे, मग सदर आणि गोरखपूरच्या बाजारांत सहकुटुंब फेरी निघे. दुकानदारांना हे वेळापत्रक तोंडपाठ होते. २०२५मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या ७८ दिवसांच्या बोनसला केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ सप्टेंबरला मंजुरी दिली. सुमारे १०.९१ लाख कर्मचाऱ्यांसाठी १,८६५.६८ कोटी रुपये, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त १७,९५१ रुपये. ऑनलाइन विक्री त्याच्या आदल्याच दिवशी सुरू झाली होती. पैसा मंजूर होण्याआधीच तो कुठे खर्च व्हायचा हे पुष्कळ घरांत ठरून गेले होते.

हे शक्य झाले हप्त्यांमुळे. रोखीच्या काळात खिशात बोनस आल्याशिवाय खरेदी होतच नसे, म्हणून बाजाराला वाट पाहावी लागे. आता वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. ‘बिनखर्चाचा हप्ता’ हा शब्दप्रयोग आपण इतका ऐकला आहे की तो खराच वाटू लागतो. वास्तविक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच, म्हणजे अशाच सणाच्या तोंडावर, बँकांना बजावले होते की ‘शून्य टक्के व्याज’ अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठे तरी शुल्कात किंवा किमतीत लपलेले असते. कुंपण कर्जाने ओलांडले की सण संपल्यावरही हप्ता चालू राहतो आणि पुढच्या सणाचा माल आला तरी मागच्याची परतफेड उरलेली असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९३९च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेल्या कमानिया गेटच्या परिसरात जुन्या मिठाईची दुकाने आहेत. जबलपूरची ओळख असलेली खव्याची जिलबी इथलीच. मैद्याच्या जिलबीसारखी ती पिवळीधमक आणि कुरकुरीत नसते. काळसर, जाड, आतून मऊ असते आणि गरम असतानाच तिची खरी चव कळते. अशा पदार्थाला सहा आठवडे आधी फळीवर कसे मांडायचे? अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑक्टोबर २०२०पासून सुट्या मिठाईच्या परातीवर ‘कोणत्या तारखेपूर्वी खावी’ हे लिहिणे बंधनकारक केले. त्याच्या मार्गदर्शक तक्त्यानुसार कलाकंद त्याच दिवशी संपवायचा, रसगुल्ला-रसमलाई दोन दिवसांत, खव्याची बहुतेक मिठाई चार दिवसांत. बेसनाचा लाडू महिनाभर तग धरतो. चॉकलेटच्या डब्यावरची तारीख मात्र कित्येक महिने पुढची असते. बाजार सहा आठवड्यांचा झाला की चार दिवसांच्या मालाला त्यात चारच दिवस जागा असते.

आमच्या भागातल्या एका मिठाईवाल्याने मला हा हिशेब समजावून सांगितला. कार्यालये आणि दुकाने आपल्या माणसांना ज्या भेटी देतात, त्यांची घाऊक मागणी पूर्वी धनत्रयोदशीच्या आठवड्यात येई. आता ती दसऱ्याआधीच बंद डब्यांवर खर्च होते. त्यांच्याकडे उरते ते घरगुती गिऱ्हाईक आणि शेवटच्या चार दिवसांची झुंबड. त्या चार दिवसांसाठी कारागीर मात्र महिनाभर आधी बोलावून ठेवावे लागतात. शिवाय यंदाच्या कर-सुधारणेने एक जुना तोल हलला आहे. मिठाईवर आधीपासूनच ५ टक्के जीएसटी होता आणि चॉकलेटवर १८ टक्के. २२ सप्टेंबरपासून चॉकलेटही ५ टक्क्यांवर आले. ग्राहक म्हणून मला ते आवडले. पण हलवायाच्या बाजूला असलेला १३ टक्क्यांचा आधार त्याच दिवशी गेला, हे कोणी फारसे बोलले नाही.

मिठाईवाल्यांची बाजू घेताना त्यांचे दोष झाकून चालणार नाही. चार दिवसांत प्रचंड मागणी उसळते आणि दूध तर तेवढेच असते. मग भेसळ येते. दर दिवाळीला मध्य प्रदेशात ग्वाल्हेर, भिंड, मुरैना भागातून येणाऱ्या बनावट खव्याच्या जप्तीच्या बातम्या छापून येतात. त्या वाचून धास्तावलेले कुटुंब बंद डब्याकडे वळते आणि प्रामाणिक हलवायालाही त्याचा फटका बसतो. टिकाऊ मालाने विश्वास कसा कमावला, हे त्यांनी पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २००३मध्ये, दिवाळी तोंडावर असताना, महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला मुंबईत कॅडबरीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या होत्या. कंपनीची मोठी नाचक्की झाली. तिने जानेवारी २००४मध्ये हवाबंद वेष्टन आणले, अमिताभ बच्चन यांना जाहिरातीत उभे केले आणि काही वर्षांतच चॉकलेट हे दिवाळीचे ‘मीठा’ होऊन बसले. ज्या दिवाळीत ते बदनाम झाले, त्याच सणाची बाजारपेठ त्याने काबीज केली. गावोगावच्या विखुरलेल्या हलवायांकडे ना तसे वेष्टन आहे, ना तशी जाहिरात.

मिठाईवाल्याकडे निदान पक्के दुकान असते. कुंभाराकडे तेही नसते. पणती सावकाश सुकवावी लागते आणि तिला कोरडी हवा लागते. या भागात सप्टेंबर सरेपर्यंत पावसाचा भरवसा नसतो. ओली पणती आव्यात गेली की तडकते. म्हणजे पितृपक्षात बाजारात पणती आणणे कुंभाराच्या हातातच नाही. तो माल घेऊन रस्त्याच्या कडेला बसतो तेव्हा विजेच्या माळा घेऊन झालेल्या असतात. झेंडूचे तेच. सिहोऱ्याच्या तलावांतल्या शिंगाड्याचेही तेच. निसर्गाचे आणि सणाचे वेळापत्रक शेकडो वर्षांत एकमेकांशी जुळत आले होते. पाऊस संपला की माती सुके, फूल उमले, तळ्यात शिंगाडा भरे आणि दिवाळी येई. बाजाराचे नवे वेळापत्रक या कोणाच्याच सोयीचे नाही. ते गोदामाच्या सोयीचे आहे.

लवकर येणाऱ्या बाजाराच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते मनापासून मान्य करायला हवे. खर्च दोन महिन्यांवर विभागला गेला तर एका महिन्याच्या पगारावर ताण पडत नाही. गोदामांत आणि घरपोच सेवेत तरुणांना हंगामी काम मिळते. जी वस्तू पूर्वी नागपूर किंवा मुंबईहून आणावी लागे, ती आता सिहोरा-पाटणच्या घरीही त्याच भावात पोहोचते. आणि बाजाराने सणावर स्वार होणे काही आजचे नाही. आमच्या मध्य प्रदेशात दिवाळीपूर्वीच्या पुष्य नक्षत्रावर सोने-चांदी आणि वहीखाते घेण्याची प्रथा जुनीच आहे. धनत्रयोदशी तर सगळीकडेच खरेदीचा दिवस आहे. फरक इतकाच की हे दिवस ठरलेले होते. त्यांना आरंभ होता तसा शेवटही होता, आणि त्या एका दिवशी सराफापासून कुंभारापर्यंत सर्वांचे गिऱ्हाईक एकाच वेळी घराबाहेर पडे.

आरंभ अलीकडे ओढला की शेवटही अलीकडे येतो, हे अजून पुरेसे कोणाच्या लक्षात आलेले नाही. जबलपूरचा दसरा आणि दुर्गोत्सव मोठा असतो. सुनरहाई आणि नुनहाईच्या दागिन्यांनी मढलेल्या देवी पाहायला खेड्यापाड्यांतून लोक येतात. त्या गर्दीच्या दोन्ही बाजूंच्या दुकानांत यंदा दिवाळीच्या पाट्या झळकत होत्या. दिवाळी येईल तेव्हा त्याच दुकानांत ‘उरलेल्या मालावर सूट’ लिहिलेले असेल आणि लग्नसराईचा माल वाटेत असेल. महाकोशलात कार्तिकातली देवउठनी एकादशी उसाच्या मांडवाने आणि शिंगाड्याने साजरी होते. तुमच्याकडे तेव्हा तुळशीची लग्ने लागतात. दिवाळीचा तो सावकाश, गोड शेवट आता बाजाराच्या हिशेबात धरलाच जात नाही. आधीच्या सणात पुढच्या सणाची घाई, म्हणजे कोणताच सण पूर्ण वाट्याला येत नाही.

यावर बंदीचा उपाय मी सुचवणार नाही. तो चालणार नाही आणि चालू नये. पण काही साध्या गोष्टी शासनाच्या आणि आपल्या हातात आहेत. मध्य प्रदेशात जिल्हाधिकारी दिवाळीआधी मातीच्या पणत्या विकणाऱ्यांकडून बाजारशुल्क घेऊ नये, असे आदेश काढतात. ते चांगलेच आहे. पण त्याबरोबर मोक्याच्या रस्त्यावर ठरलेली जागा मिळाली आणि ती दसऱ्यापासून मिळाली, तर त्या सवलतीला अर्थ येईल. सुकवण्यासाठी छपराची सामायिक जागा असेल तर पाऊस लांबला तरी कुंभाराचे काम अडणार नाही. खव्याची तपासणी धाडींच्या स्वरूपात शेवटच्या आठवड्यात करण्याऐवजी भाद्रपदापासून नियमित केली आणि निकोप दुकानांची यादी प्रसिद्ध केली, तर गिऱ्हाइकाची भीती कमी होईल. कार्यालयांनी आणि बँकांनी आपल्या भेटींच्या खरेदीतला काही वाटा धनत्रयोदशीच्या आठवड्यासाठी आणि गावातल्या हलवायासाठी राखून ठेवला, तर त्यांना एक पैसाही जास्त पडणार नाही.

आणि आपण? यंदा कराचा दर उतरणार म्हणून आपण तीन आठवडे थांबलो, त्याचा कोणाला त्रास झाला नाही. खरेदीच्या यादीतली एखादी ओळ मोकळी ठेवून तसेच पुन्हा थांबता येईल. २०२५मध्ये वसुबारस १७ ऑक्टोबरला होती. पाऊस आता जाईल, आवे पेटतील, पणत्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला दिसू लागतील, आणि कमानिया गेटपाशी कढया चढतील. तेव्हा घराबाहेर पडणाऱ्याच्या खिशात थोडे पैसे उरलेले असावेत.